भिंतीकडे तोंड केलेलं टेबल

कुन्सान
२७ मार्च २०२३

जे-उक भावजी,

दर वर्षी तुम्ही सफरचंदांचं खोकं पाठवता, त्यावरचा पत्ता मी कापून ठेवला होता. आज तो कामी आला. फोन केला असता, पण फोनवर माणूस काहीतरी बोलून मोकळा होतो, आणि तुम्ही तर 'हो वहिनी, हो वहिनी' याच्या पुढे जात नाही. मला विचार करून दिलेलं उत्तर हवंय, म्हणून पत्र.

टीव्हीवर ती कंपनीची मालिका तुम्ही बघता का? शनिवार-रविवारी असते. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्रं लटकवून धावणारी पोरं. सोंग-गू म्हणाला, आई बघ, बाबांच्या ऑफिसची आठवण येईल. मला कसली आठवण येणार? यांचं ऑफिस मी एकदाच पाहिलं, तेही रस्त्याच्या पलीकडून. इतकी वर्षं यांचे शर्ट इस्त्री केले, पण तो शर्ट तिथे जाऊन दिवसभर काय करतो ते मला ठाऊक नव्हतं.

या मालिकेत मा नावाचे एक उपव्यवस्थापक आहेत. कंपनीला ते नकोसे झालेत, पण काढून टाकलं तर बोभाटा होईल. म्हणून त्यांचं टेबल उचलून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून लावलंय. फोन नाही, काम नाही. सकाळी यायचं, भिंत बघायची, संध्याकाळी जायचं. कंटाळून आपणच राजीनामा द्यावा म्हणून. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, जेवायला कोणी बरोबर न्यायचं नाही. मागून कोण चाललंय ते मा ऑफिसात घालायच्या सपातांच्या आवाजावरून ओळखतात.

भावजी, मी हातातला लसूण सोलायची थांबले. पंचवीसेक वर्षांपूर्वी देशाची तिजोरी रिकामी झाली होती आणि बायका सोन्याच्या अंगठ्या सरकारला देत होत्या, त्याच्या पुढचं वर्ष आठवा. त्या वर्षी हे रविवारी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. झोपायचे म्हणजे डोळे उघडेच. मागून हाक मारली की दचकायचे. न्हाणीघरात नळ सोडून बसून राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ऑफिसात दमायला होतं.

आता नीट ऐका, कारण दिवस थोडे आहेत. २२ तारखेपासून आपल्या चांद्र पंचांगातला अधिक महिना लागलाय. यांची कबर डोंगरावर आहे, माझे गुडघे तिथवर जात नाहीत, म्हणून याच महिन्यात ती खाली रस्त्यालगतच्या जागेत हलवतोय. एरवी कबर हलवली की बाधतं, अधिक महिन्यात काही बाधत नाही. पे मिस्त्री दगड घडवतोय. जोडकबर आहे, यांच्या शेजारची जागा माझी. दगडावर यांच्या नावाजवळ माझं नाव आत्ताच कोरून ठेवायचं ठरलं होतं. मिस्त्री रोज विचारतो, कोरू का? मी रोज म्हणते, थांब.

कारण मी गोंधळले आहे. वर्षभर हा माणूस भिंत बघून घरी यायचा, माझ्यासमोर बसून भात खायचा, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाही. मी काय परकी होते? जो जिवंतपणी माझ्याशी बोलला नाही त्याच्या शेजारी जाऊन निजायचं, हे मला आता कसंसंच वाटतंय.

तुम्ही यांचे सख्खे भाऊ नाही, पण यांच्याच विभागात कामाला होता. खरं सांगा. मालिकेतले ते मा म्हणजे आमचे हे होते का?

तुमची वहिनी,
ओक-जा

*

छंगसोंग
३१ मार्च २०२३

वहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. बागेत छाटणी चालू आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. ती मालिका आमच्याकडे बायको बघते. मी त्या वेळी कुत्र्याला फिरवायला नेतो.

त्या काळात सगळ्याच कंपन्यांमध्ये तसले प्रकार झाले. आमच्याकडेही झाले. ह्योन-थे दादांनी त्या वर्षी फार सोसलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी बोलले नाहीत, कारण तुम्हाला त्रास होऊ नये. त्या पिढीचे पुरुष तसेच. त्यात परकेपणा नव्हता, वहिनी.

मालिका बघून मनाला लावून घेऊ नका. नाव कोरून घ्या. दादांना ते आवडेल.

गुडघ्यांना शेक देत जा. यंदा मोहोर लवकर येईलसं दिसतंय.

जे-उक

*

कुन्सान
५ एप्रिल २०२३

जे-उक भावजी,

तुमचं पत्र वाचून मी त्याच दिवशी मिस्त्रीला सांगून आले, कोर. परत येताना बाजारात यांच्या आवडीचं गाजर बघितलं तरी डोळे भरून आले. विचार केला, बिचारा. मी याला 'पगार कधी वाढणार' म्हणून टोचत होते, आणि हा भिंतीपुढे बसून येत होता.

मग शनिवारचा भाग बघितला. आणि काल परत मिस्त्रीकडे गेले आणि म्हटलं, थांब. तो म्हणाला, 'मावशी, दगडावरची अक्षरं आहेत, पाटीवरची नव्हेत.'

झालं असं. मालिकेत बडे साहेब सुट्टीच्या दिवशी सगळ्या विभागाला डोंगर चढायला नेतात. मा यांना कोणी बोलावत नाही. ते घरी सांगतात की चाललोय, बूट घालून निघतात आणि दिवसभर एका उद्यानात बसतात. मला यांचे डोंगराचे बूट आठवले. त्या वर्षी एक जोड झिजला होता, दुसरा मी घेऊन दिला. आणि हे खरोखर जायचे. फोटो आहे. बड्या साहेबांच्या शेजारी उभे, हातात तहानेसाठी नेलेली काकडी. भिंतीपुढे बसवलेल्या माणसाला बडे साहेब शेजारी उभं करतील का?

मग मी त्या वर्षीच्या सगळ्या फोटोंत तुम्हाला शोधलं. तुम्ही एकाही फोटोत नाही.

आता एक सांगते, हसू नका. त्याच वर्षी हे तुम्हाला घरी जेवायला आणू लागले. आठवड्यातून तीनदा, चारदा. आणि आणलं की तुम्हाला आतल्या जागेवर बसवायचे, भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून. स्वतः दाराला पाठ करून बसायचे. मी यांना स्वयंपाकघरात ओढून म्हटलं होतं, हे काय? तो वयाने लहान, हुद्द्याने लहान. आतली जागा वडीलधाऱ्यांची, धाकट्यांनी दाराशी बसावं, एवढी रीत आपल्याला नाही का? हे म्हणाले, बसू दे त्याला तिथे.

मग मी माझ्या डोक्याने हिशेब मांडला. धाकटा असून आतल्या जागेवर बसतो, म्हणजे नक्कीच मालकांचा कोणीतरी. पुतण्या नाहीतर भाचा. उगाच कोण कोणाला आतली जागा देतं? म्हणून माशाच्या पोटाचा तुकडा तुमच्या वाटीत पडायचा. सोंग-गू रुसायचा त्यावरून. आणि नवीन वर्षाच्या आधी मी तुम्हाला दारात गाठलं होतं, आठवतं? गवताच्या दोरीत ओवलेल्या सुक्या माशांची माळ तुमच्या हातात दिली आणि म्हटलं, 'भावजी, वर आमच्या यांच्यासाठी एक शब्द टाका.' तुम्ही लाल झालात आणि माळ घेऊन गेलात. मी समजले, काम होणार. पुढे यांचा पगार वाढला तेव्हा मी मनात तुमचे आभार मानले होते. शेजारणीला तिच्या भाचीसाठी तुमचं स्थळही सुचवलं होतं, मालकांच्या घरातला मुलगा म्हणून.

मला शाळा चौथीपर्यंतची. बाकी जे काही आलं ते वाचनालयातली पुस्तकं वाचून. कादंबरीत एक सोय असते, माणसाच्या मनात काय चाललंय ते लिहिलेलं असतं. मालिकेत नुसतं संगीत वाजतं आणि आपण ओळखायचं. माझ्या घरात तर संगीतही वाजलं नाही.

तुमच्या पत्रात लिहिलंय, 'दादांनी फार सोसलं.' ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'ते भिंतीपुढे बसले', असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

कोण बसलं होतं, भावजी?

ओक-जा

*

छंगसोंग
१० एप्रिल २०२३

वहिनी,

मी बसलो होतो.

हे लिहून मी बागेत एक फेरी मारून आलो. आता बाकीचं लिहितो.

कंपनीने प्रत्येक विभागाला सांगितलं होतं की एक माणूस कमी करा. आमच्या विभागात दादा प्रमुख होते. नाव त्यांनीच द्यायचं होतं. दोघांवर येऊन अडलं होतं, मी आणि दुसरा एक. त्याला दोन मुली होत्या. मी सडा होतो. दादांनी माझं नाव दिलं. मी राजीनामा देईना, तेव्हा टेबल फिरवायचा हुकूम आला. हुकूम वरून आला, पण टेबलाचं एक टोक दादांनी धरलं होतं. दुसरं टोक मी धरलं. जड होतं.

त्यानंतर ते ऑफिसात माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बाकीच्यांनाही तेच बजावलेलं होतं. दुपारी सगळे उठून जेवायला जायचे. दादा माझ्या मागून जायचे. सपाता ओळखता येतात हे मालिकेत खरं दाखवलंय. त्यांची डावी सपाता घासत जायची.

पहिल्या आठवड्यातच एका संध्याकाळी मी बसची वाट बघत उभा होतो. दादा शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, 'जेवायला चल. घरी काही बोलू नकोस.'

मी गेलो. का गेलो, मला आजही सांगता येत नाही. दिवसा त्यांचा राग यायचा आणि संध्याकाळी भूक लागायची. तुम्ही वाढायचात ते सगळं मी खायचो. तुम्ही एकदा म्हणालात, सड्या माणसाचं पोट विहिरीसारखं असतं. वहिनी, दुपारी एकट्याने जेवायला जायची मला लाज वाटायची. मी दुपारी जेवतच नव्हतो.

आतल्या जागेबद्दल तुम्ही लिहिलंत. तुमचा हिशेब वाचून मी हसलो, मग नाही हसलो. दिवसभर माझी पाठ सगळ्यांकडे असायची. तुमच्या घरी माझी पाठ भिंतीला टेकायची आणि मला माणसांचे चेहरे दिसायचे. दादांनी हे मुद्दाम केलं की आपसूक झालं, मी कधी विचारलं नाही.

माशांची माळ मी आईकडे नेली. तिला सांगितलं, कंपनीने दिली. तुम्हाला काय सांगणार होतो? वर शब्द टाका म्हणे. मी तर खालीही कोणाशी बोलू शकत नव्हतो.

मालिकेत मा एक दिवस उभे राहून भाषण करतात आणि सगळा मजला टाळ्या वाजवतो, असं बायकोने सांगितलं. माझ्याकडे भाषण नव्हतं. वर्ष होत आलं तेव्हा मी राजीनामा दिला, सपाता पिशवीत घातल्या आणि निघालो. दादा जिन्यापर्यंत आले. ऑफिसच्या इमारतीत ते वर्षभरात तेवढंच बोलले. म्हणाले, 'मला सांगितलं म्हणून मी केलं. माझ्या जागी तू असतास तर तूही केलं असतंस.'

मी जिना उतरलो. बसमध्ये विचार केला, खरंच, केलं असतं की काय? अजून ठरत नाही.

पुढेही मी तुमच्याकडे येत राहिलो, ते तुम्हाला माहीत आहेच. दादा गेले तेव्हा तीन दिवस मी अंत्यविधीला आलेल्या लोकांना ताटं नेऊन देत होतो. कोणीतरी विचारलं, धाकटे भाऊ का? मी हो म्हटलं.

मागच्या पत्रात मी तुमची दिशाभूल केली. वाटलं, दादा सोसणारे होते असं समजलात तर नाव कोरून घ्याल. सोसलं त्यांनी, ते खोटं नाही. पण भिंतीपुढे बसून नाही, माझ्या पाठीमागे उभं राहून.

आता तुम्ही काय ठरवाल त्याला मी कारण होऊ इच्छित नाही. माझ्यासाठी त्यांच्यावर रागावू नका. आणि माझ्यासाठी त्यांना माफही करू नका.

जे-उक

*

छंगसोंग
१७ एप्रिल २०२३

वहिनी,

माझं पत्र पोचलं ना? उत्तर नाही म्हणून काळजी वाटते. फोन उचलायला तीनदा गेलो आणि परत आलो. अधिक महिना परवा संपतो आहे.

बायको विचारते, कोणाचं काय बिघडलंय? मी म्हटलं, काही नाही, वहिनींचे गुडघे.

लिहायला जमत नसेल तर सोंग-गूला दोन ओळी लिहायला सांगा.

जे-उक

*

कुन्सान
२१ एप्रिल २०२३

जे-उक भावजी,

दोन्ही पत्रं मिळाली. सोंग-गूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला बाबा आहेत तसे राहू देत. मी लिहिलं नाही कारण लिहायला बसले की पहिल्याच वाक्याला अडत होते. 'तुमच्यावर अन्याय झाला' असं लिहिलं, तर वाटलं, हे मी कोण लिहिणार, मी तर त्या पगाराचा तांदूळ शिजवत होते. 'यांनी तुम्हाला घास दिला' असं लिहिलं, तर वाटलं, आधी हिसकावला कोणी? कागद फाडत गेले.

शनिवारी मालिकेत विभागप्रमुखाला रडताना दाखवलं. पाऊस, छत्री नाही, गुडघे टेकून मा यांची माफी मागतो. मा त्याला उठवतात. सोंग-गू डोळे पुसत होता. मी त्याला म्हटलं, बंद कर. हे रडले नाहीत. पावसात छत्री घेऊन जायचे, आणि आल्यावर ती नीट वाळत घालायचे.

मला खरं सांगायचं तर काही उलगडलं नाही. आधी वाटलं होतं, हे भिंतीकडे तोंड करून का झोपायचे ते कळलं. मग कळलं की ते तसं नव्हतं. मग का झोपायचे? तुमच्या बाजूने बघावं म्हणून? की आमच्याकडे बघवत नव्हतं म्हणून? की नुसतीच त्या कुशीवर झोप लागत होती? आयुष्यभर बरोबर राहिलेल्या बाईला हे माहीत असायला नको का?

रविवारी मी यांच्या फोटोपुढे बसून भांडले. मोठ्याने. यांना म्हटलं, तुम्ही ज्याचं पान दुपारी काढून घ्यायचात त्याला रात्री माझ्या हातून वाढून घ्यायचात. माझ्या स्वयंपाकाने तुमचं ऑफिसातलं निस्तरत होतात आणि मला सांगितलंही नाहीत. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? नाव देऊ नका म्हटलं असतं? सोंग-गूची फी भरायची होती. नाही म्हटलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची वेळ यांनी माझ्यावर येऊ दिली नाही. ती दया होती की मला वगळणं होतं, तेही कळत नाही.

मग फोटोवरची धूळ पुसली आणि तांदूळ धुवायला उठले. 

मंगळवारी मिस्त्रीकडे गेले. तो म्हणाला, 'मावशी, आज शेवटचं सांगा. उद्या दगड उभा करायचा, परवा महिना उलटला.' त्याने विचारलं, साहेबांच्या नावाआधी हुद्दा कोरायचा ना? सगळे कोरतात, विभागप्रमुख म्हणून शोभेल. मी म्हटलं, हुद्दा नको. तो म्हणाला, 'अक्षरांचे पैसे वाढतील म्हणून का? तेवढी मी सूट देतो.' मी म्हटलं, सूट राहू दे, फक्त नाव कोर.

'आणि तुमचं?' त्याने विचारलं.

मी तिथल्या पालथ्या बादलीवर बसले. त्याने चहा आणून दिला. हा चांगला माणूस की वाईट माणूस, असा काही मनात निकाल लागेना. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, तुमच्या वतीने माफ करणं माझं काम नव्हे. माझ्या वतीने करावं, तर नेमकं कशासाठी तेच ठरेना. असं वाटलं, निकाल लागल्यावरच माणसाच्या शेजारी निजायचं असेल, तर कुठलीच बाई कुणाच्या शेजारी निजायची नाही.

आणि भावजी, मला यांना एवढं विचारायचं राहिलंय. शेजारी नाही गेले तर कुठे गाठणार?

मिस्त्रीला म्हटलं, कोर.

काल डोंगरावर जाऊन बघून आले, म्हणजे आता डोंगर नाही, रस्त्यालगतच. चू ह्योन-थे, आणि बाजूला माझ्या माहेरच्या आडनावानिशी, नाम ओक-जा. स्वतःचं नाव दगडावर वाचताना कसंसं वाटतं. सोंग-गूला आवडलं नाही. मी हात लावून बघितलं, कडा अजून धारदार आहेत.

शरद ऋतूत खोकं पाठवू नका. स्वतः घेऊन या, बायकोलाही आणा. यांच्याशी तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी गाडीपाशी उभी राहीन, ऐकणार नाही. तुमचं झालं की मी यांच्यापाशी जाईन.

तुमची वहिनी,
ओक-जा